लव्हडे नावाच्या मुली

आमच्या पोर्थवेरन गावात लव्हडे नावाच्या इतक्या मुली होत्या की शाळेत बाई बापाचं नाव जोडून हजेरी घ्यायच्या. मीही त्यातलीच. कॉर्नवॉलमध्ये हे नाव जुनं. पूर्वी भांडणाऱ्यांचा समेट घडवायला एक दिवस नेमत, त्याला लव्हडे म्हणत. त्या दिवशी मुलगी झाली की तिला तेच नाव. पुढे ते दिवस बंद पडले, नाव तेवढं राहिलं.

आमच्याकडे ते पसरलं लव्हडे अँगविनमुळे. तिच्या वडिलांचं आणि काकाचं एका होडीवरून वैर होतं. पाद्रींनी दोघांना हात मिळवायला लावले, त्याच दुपारी ती जन्मली. काका म्हणाला, "लव्हडेच ठेवा. पहिली हाक मी मारणार." बारशाआधीच त्याची होडी धुक्यात गेली. तो सापडला नाही.

मोठी होऊन हीच आमची लव्हडेमावशी बंदरावर तारली मासे खारवून पिंपांत भरायची. कुणाकडे भांडण पेटलं की तिला बोलवत. ती समजूत वगैरे घालत नसे. चुलीपाशी चहा पीत बसायची, म्हणायची, "चालू द्या तुमचं." मग माणसांचे आवाज आपोआप उतरत. प्रत्येक आईला वाटे, आपल्याही घरात अशी एक असावी.

मी दहाएक वर्षांची असताना शरदात धुकं उतरलं ते हलेचना. वर्गात बसले होते, बाहेरून पुरुषाचा आवाज आला, "लव्हडे." जेवायला बोलवावं तसा, मऊ. मी उठले. पाहते तर वर्गातल्या सगळ्या लव्हडे उभ्या.

"काय गं, काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बाहेर कुणीतरी बोलावतंय, बाई."

बाहेर कुणी नव्हतं. बाकीच्या मुलांना काही ऐकूही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चेग्विडनांची धाकटी लव्हडे समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभी सापडली. रडत नव्हती. म्हणाली, "ते म्हणाले, पुढे पाणी गरम आहे."

आईने मला पलंगाला बांधलं, कानांत लोकर कोंबली. आवाज येतच राहिला. शेवटी तिने मला मावशीकडे ओढत नेलं.

मावशीने खारट हात पुसले. "कसा बोलतो गं?"

"'ल' जरा लांबवतो."

ती पिंपाला टेकली. "बाबा तसेच बोलायचे, म्हणजे हा काकाच. त्याच्या हाकेसाठी जन्मभर मी कान देऊन बसले, आणि हा हाका मारतोय तुम्हा पोरींना." तिच्या बोलण्यात भीती नव्हती, रुसवा होता.

ती मला धक्क्याच्या टोकाला घेऊन गेली. "मला तो आवाज ऐकू येत नाही. आला की माझा हात दाब."

आवाज आला. मी हात दाबला.

"काका," ती धुक्याकडे बघून म्हणाली, "ही परक्याची पोर आहे. तुमची लव्हडे मी. म्हातारी झालेय, म्हणून ओळखलं नसेल."

पाणी गप्प झालं. मला काहीच ऐकू आलं नाही. मावशीची मान मात्र वळली, कुणी अगदी कानाशी बोलावं तशी.

"ओ," ती म्हणाली. "आत्ता नाही. पिंपं भरायचीत अजून."

त्यानंतर आम्हा कुणालाच तो आवाज आला नाही. आयांनी मुलींची नावं बदलली. मी एडिथ झाले. गावात पुन्हा कुणी ते नाव ठेवलं नाही. मावशीला भांडणाला बोलावणंही बंद झालं. ती बसे तिथे शेजारची फरशी ओली होई, आणि तिथे बसायला कुणी धजावत नसे.

लग्न ठरल्यावर मी तिला भेटायला गेले. बोलता बोलता ती थांबली, बाजूला वळून "हो, हो" म्हणाली.

"भीती नाही वाटत, मावशी?"

"आधी वाटायची. आता सवय झाली. एकच विचारतो सारखा."

"काय?"

"बाकीच्या लव्हडे कुठे गेल्या म्हणतो." तिने माझ्या कपात चहा ओतला. "मी सांगत नाही. तू जाताना मागच्या दाराने जा."