नेपल्सच्या नळावर

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेहून आम्ही चार मराठी कुटुंबं निघालो, त्यात नऊवारीत एकटी माझी आई. नव्वदच्या दशकातली गोष्ट. फ्लोरिडातून सुटणारी बोट अटलांटिक ओलांडून भूमध्य समुद्रात शिरणार आणि मलागा, नेपल्स अशा बंदरांवर थांबणार होती. सहल ठरवणारे डॉक्टरकाका निघायच्या आधीच म्हणाले, "अरे, आईंना बोटीवरच आराम करू दे. ऊन, चढउतार. उगाच सगळ्यांचा दिवस स्पॉइल होईल."

"काका, ती प्रत्येक बंदरावर उतरणार," मी म्हणालो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शिष्यवृत्ती मिळाली, गावच्या शाळेत मास्तर चांगले भेटले, त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण माझ्यासाठी वीटभट्टीवर विटा आईनं वाहिल्या. कुठवर यायचं आणि कुठं थांबायचं, हे तिला जन्मभर दुसऱ्यांनीच सांगितलं होतं. आता कुणी सांगितलेलं मी ऐकणार नव्हतो.

मलागाला ती किल्ल्याची चढण काकांच्या आधी चढली. "डॉक्टर, धाप लागली का?" तिनं वरून विचारलं. सगळे हसले, काकाही.

तिथंच काकूंनी पाण्याची बाटली काढली. बाटली उष्टी होऊ नये म्हणून आमच्यातले सगळे वरूनच पाणी पीत होते. काकू म्हणाल्या, "आई, तुम्हाला जमायचं नाही. ओंजळ करा, मी ओतते."

आईनं हात पदराखाली घेतले. "नको. तहान नाही."

ओठ तर सुकले होते. आमची वस्ती गावाबाहेर. विहिरीला शिवायची बंदी. कुणाला दया आलीच तर ते वरून ओंजळीत पाणी घालायचे. काकूंच्या मनात तसलं काही नव्हतं, हे आईलाही कळत होतं. तरी तिची ओंजळ पुढं होईना. खाली उतरल्यावर मी दुकानातून बाटली आणली, तेव्हा ती प्यायली.

केबिनमध्ये मी विचारलं, "पुढच्या बंदराला बोटीवरच थांबू या का?"

"का? पाण्याला भिऊन बसू? उतरवतो म्हणालास ना, मग उतरव."

नेपल्सच्या एका गल्लीत रस्त्याकडेला लोखंडी नळ अखंड वाहत होता. शाळेतली मुलं, भाजीवाली, सगळी तिथंच पीत होती. खाली साचलेलं पाणी एक कुत्रंही चाटत होतं.

"बाहेरचं पाणी नको हां, पोट बिघडेल," काका म्हणाले.

आई वाकली. स्वतःच्या हातानं ओंजळ भरभरून प्यायली, तोंड धुतलं. मग काकूंच्या हातातली रिकामी बाटली घेतली, नळाखाली धरून भरली, तोंड लावून एक घोट घेतला आणि परत दिली.

"घ्या. गार आहे."

काकू बाटलीकडे बघत राहिल्या. काका घड्याळ दाखवू लागले, बोटीवर परतायची वेळ होत आली होती.

"बोट जात नाही एवढ्यात," आई काकांना म्हणाली. "त्यांना पिऊ द्या सावकाश. मी थांबते."

आणि ती नळाला टेकून उभी राहिली.