सध्या जमिनीवर

कुणी "काय कॅप्टनसाहेब, कसं काय?" असं विचारलं की ते स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणायचे, "सध्या जमिनीवर." नवखा माणूस हसायचा. रोज ऐकणारे आम्हीही हसायचो, कारण आधी ते स्वतःच हसत.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराला ते यवतमाळला परत आले. घराणं वकिलांचं. यांनी मात्र काळा कोट नाकारून विमान धरलं होतं. माणसंही न्यायची आणि मालही, अशा एका छोट्या कंपनीत ते पायलट होते. कंपनीचा धंदा बसला, विमानं विकली गेली, माणसं कमी झाली. त्यात हेही घरी आले. वहिनी मुलींच्या शाळेत शिकवत, म्हणून चूल पेटत राहिली.

मी तेव्हा दारव्हा रोडवरच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. आमच्या शेटजींना जीप चालवून गावोगावची कापूसखरेदी बघणारा भरवशाचा माणूस हवा होता. अशी आमची गाठ पडली.

घाट उतरताना ते गंभीरपणे म्हणत, "पट्टे बांधून घ्या." जीपला पट्टे नव्हतेच. बोरी अरबच्या बाजारात बैलगाड्यांच्या गर्दीतून जीप काढताना त्यांनी कधी हॉर्न वाजवल्याचं मला आठवत नाही. बैल बिचकतात म्हणायचे.

फॅक्टरीच्या वजनकाट्यावरचा बापू एकदा सरळच विचारून बसला, "साहेब, इमान सोडून जीप कायले धरली?"

"विमानानंच मला सोडलं, बापू."

"मंग दुसरं धरा ना."

"तिथंही माझ्यासारखेच रांगेत उभे आहेत रे."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, जो थट्टेच्या आड नीट लपतो. पण कधी आभाळातून विमानाचा आवाज आला, की आम्ही सगळे काम टाकून अंगणात धावायचो आणि ते तेवढे आत राहायचे. मान वर करायचे नाहीत.

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. त्यांच्या विमानातला जुना रेडिओवाला नागपूरहून आला होता. त्याचीही नोकरी तेव्हाच गेली होती. आता सीताबर्डीत रेडिओ दुरुस्त करायचा. मोठा बोलका माणूस. वरणभात कालवता कालवता म्हणाला, "वहिनी, असा साहेब पाहिला नाही. कंपनीवाले तर यांना ठेवूनच राह्यले होते ना! फक्त म्हणाले, रेडिओवाला का मेकॅनिक, कोणाला काढायचं ते तुम्ही सांगा. साहेबांनी नाव घेतलंच नाही. मंग तिघांलेही काढलं."

वहिनींच्या हातातली पळी थांबली. त्यांना हे ठाऊक असणार, असं धरून तो बिचारा बोलला होता.

"हे मला कधी बोलला नाहीत," त्या म्हणाल्या.

कॅप्टन ताटातल्या भाताकडे बघत राहिले. "बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, एक नाव सांगून टाका." मग हलकेच, "आणि मी सांगितलं असतं."

वहिनींनी आधी पाहुण्याच्या भातावर वरण वाढलं, मग नवऱ्याच्या. "इतक्या वर्षांत तुम्हाला मी एवढीच कळले का?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

रेडिओवाल्याचा चेहरा उतरला. खरं तर तो चांगली बातमी घेऊन आला होता. कपाशीवर विमानातून औषध फवारणारी एक कंपनी पायलट शोधत होती. कॅप्टननी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आता माझं वय बघ. शेंड्याला चाक लागेल इतकं खाली उडायचं. नको रे."

दोनतीन दिवसांनी भर दुपारी वहिनी फॅक्टरीत आल्या. पदर सावरत थेट शेटजींपुढे उभ्या राहिल्या. "यांना नागपूरला जायची सुट्टी हवी. डोळे तपासायचेत, परवाना ताजा करायचाय. हात बसायलाही वेळ लागेल."

शेटजी बघतच राहिले. "साहेब काही बोलले नाहीत."

"ते बोलत नाहीत. म्हणून मी आले."

दाराशी कॅप्टन उभे होते. अंगावर कापसाचे तंतू, हातात जीपची किल्ली. वहिनी त्यांच्यापुढून जाताना थांबल्या. "आता जे व्हायचं ते मला सांगून व्हायचं," म्हणाल्या आणि शाळेची वेळ झाली म्हणून भराभर निघून गेल्या. कॅप्टननी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. त्यांना हसायचं होतं, पण जमेना; ते तोंड धुवायला नळाकडे गेले.

परवाना मिळाला. फवारणीच्या दोन हंगामांनंतर कंपनी तेलंगणाकडे सरकली आणि हे दोघंही बिऱ्हाड आवरून तिकडे गेले. पुढे भेट नाही. ते आठवतात ते मात्र पहिल्या हंगामातल्या एका सकाळचे.

बोरी अरबच्या पलीकडे, तांड्याजवळच्या माळावर धावपट्टी आखली होती. कुठून औषध मारायचं ते दाखवायला कपाशीच्या कडेला रेडिओवाला झेंडा घेऊन उभा होता. वहिनी बांधावर उभ्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला उडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. विमान कपाशीला घासून जावं तसं आलं, पांढरा फवारा सोडत गेलं आणि बाभळीच्या ओळीवरून एकदम वर चढलं. तांड्यातली पोरं ओरडत त्याच्यामागं धावली.

शेजारी उभी असलेली तांड्यावरची म्हातारी म्हणाली, "बाई, तुहा मालक हाये का त्याच्यात? भेव नाही वाटत तुले?"

औषधाचा उग्र वास आला. वहिनींनी पदर नाकाला लावला, पण नजर वरच होती.

"वाटतं," त्या म्हणाल्या. "पण आता दिसतात तरी."