मागच्या सीटवरचा हात

नागपूरहून एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, असं या ब्लॉगवर बरेच जण विचारतात. मनीषनगरातलं माझं घर, कळमेश्वर, सावनेर आणि परत, ही वाट सांगून ठेवते. रस्ते बरे आहेत, टाकीभर पेट्रोलही लागत नाही, दिवस मावळायच्या आत घरी पोचता येतं. मी ज्या कामासाठी गेले, त्यासाठी मात्र जाऊ नका. त्याला फार उशीर झाला आहे.

सुरुवात फोटोने झाली. कळमेश्वरच्या मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर एक जुना फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘आपल्या घरची शान’. काळी विलायती मोटार, वाटोळे मोठे दिवे, फूटबोर्डवर एक पाय ठेवून माझे आजोबा, आजूबाजूला टोपीवाले पुरुष. ग्रुप खडबडून जागा झाला. कोणी दिवे मोठे करून पाहिले, कोणी मॉडेल ओळखलं, सालावरून दोन भावांची जुंपली. नंबरप्लेटवरचा आकडा न आकडा वाचता येत होता.

मागच्या दाराच्या अर्ध्या उघड्या काचेबाहेर एक हात होता. कोपरापर्यंत, बांगड्या भरलेला. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आईने फोन उजव्या डोळ्याजवळ नेला. डावा डोळा काचबिंदूने केव्हाच नेला आहे, आणि उजवाही राहणार नाही हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं आहे.

“ही माही माय,” ती म्हणाली. “आत्या सांगे, तुही माय मागं बसली होती म्हणून.”

आई अंगावर पीत होती तेव्हा तिची आई गेली. तिचा दुसरा फोटो नाही. पुरुषांनी बाहेर उभं राहायचं आणि बायकांनी गाडीत बसायचं, ही त्या काळची रीत. काचेवर आभाळ चमकलेलं, आणि आभाळामागे माझी आजी.

“एकदा तिचं तोंड पाहू दे मले,” आई म्हणाली. “मंग जाऊ दे डोळा.”

मी गेली पंचवीस वर्षं व्यासपीठांवरून बोलते. इतिहासाने कोणाकोणाला गाडलं, हे सांगून मी सभागृहं हलवली आहेत. त्या वाक्यानंतर मी गाडीची चावी शोधून ठेवली. मामांकडे आणखी फोटो असतील म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली.

काटोल नाक्याजवळ तर्री-पोहे खाल्ले. प्लेट तीस रुपये, तर्री मागाल तितकी. पुढे मार्चातला पळस पेटलेला, रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग. कळमेश्वर जवळ आलं की एमआयडीसीचे ट्रक सुरू होतात, तिथे ओव्हरटेकचा नाद करू नका.

मामा म्हणजे आईचे सावत्र भाऊ, आजोबांच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा. ओसरीवर पेपर वाचत होते.

“काहून वं, सकाळी सकाळी? मले भाषण द्याले आली का?”

“तुम्ही ऐकणार असाल तर देते मामा.”

“नको बाप्पा! चहा घे पहिले.”

काळ्या पानांचा अल्बम त्यांनी मांडीवर घेतला. पान उलटलं की मोटार. मोटारीसमोर नवरदेव, मोटारीसमोर मुंजीचा मुलगा, मोटारीसमोर पैलवान काका. बायका एक तर काचेआड, नाही तर पदराआड.

“ही गाडी आपली नोहे गा,” मामा शेजारी येऊन बसलेल्या आपल्या मुलाला सांगू लागले, जणू मी तिथे नव्हतेच. “सावनेरच्या कापसाच्या जिनवाल्याची. लग्नाकार्याले द्याचा तो.” आणि नंबर न पाहता म्हणून दाखवला, पाढा म्हणावा तसा.

“मामा, माझ्या आजीचं नाव काय होतं?”

“मोठ्या मायचं?” ते थांबले. आत हाक मारली, “अवं, मोठ्या मायचं नाव काय होतं?” आतून मामी म्हणाली, “आमी तं मोठी मायच म्हणो.” मामांनी चष्मा काढून पुसला. खरंच आठवत नव्हतं. माणूस वाईट नाही. त्यांच्याकडून गाडीचा नंबर पाठ करवून घेतला होता, बाईचं नाव कोणी सांगितलंच नव्हतं.

नाव आईला ठाऊक आहे: गंगू. सासरचं. माहेरचं काय होतं, ते सांगायला आता कोणी उरलं नाही.

निघताना मामांना वडिलांकडून ऐकलेली एक गोष्ट आठवली. त्या दिवशी दोन फोटो काढले होते. दुसरा दरवाजे उघडून. जिनवाल्याला आतल्या नव्या चामड्याच्या सीटा दाखवायच्या होत्या. “तो त्यानंच ठेवला. नातू आहे ना त्याचा सावनेरले, गाडी अजून ठेवून आहे.”

दरवाजे उघडून! मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. सावनेरच्या अलीकडे कोळशाचे डंपर धूळ उडवत जात होते आणि मी काच खाली करून मोठ्याने गात होते, हे तेवढं आठवतं.

नातू चाळिशीचा, हसतमुख. शेडमध्ये नेऊन त्याने चंदेरी कव्हर ओढलं. तीच गाडी. इतकी पुसलेली, की तिच्यात तोंड पाहावं. रॅलीला नेतो, स्वतः पॉलिश करतो, इंजिनचा आवाज ऐकवून झाला. मग दिवाणखान्यात नेलं. भिंतभर फोटो होता. दरवाजे सताड उघडे.

मागची सीट रिकामी होती.

“फोटो लई खराब झाला होता ताई. साफ करून घेतला. मधात लोकं बसले होते, ते काढाले लावले. रॅलीच्या बोर्डासाठी नुसती गाडी पाहिजे होती ना. पाहा, सीट कशी उठून दिसून राहिली!”

“मूळ फोटो?”

“तो तं गळून राहिला होता. दिवाळीच्या सफाईत गेला असन.”

मी सांगितलं, त्या सीटवर कोण होतं ते. त्याचं हसू गेलं. त्याने तिथल्या तिथे स्टुडिओला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा म्हणाला, “भाऊ, इतक्या जुन्या फाइली कोन ठेवते?”

“तुम्ही पाहिला होता ना तो फोटो?” मी विचारलं. “चेहरा आठवतो?”

त्याने डोळे मिटले. मनापासून आठवू पाहिलं. “बाया होत्या तीन-चार. एक हसत होती वाटते…” मग मान हलवली. “नाही ताई. तुमाले खोटं काहून सांगू? मी सीट पाहून राहिलो होतो.”

मला भांडायचं होतं. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडले ते सगळे पुस्तकी शत्रू होते, थोर आणि दुष्ट. इथे एक भला माणूस माझ्यासाठी संत्राबर्फीची ताटली धरून उभा होता. कोणी गळा दाबला नाही, काही जाळलं नाही. एक बाई साफसफाईत गेली.

“बसा ना गाडीत,” तो म्हणाला. शेडमध्ये परत जाऊन मी मागे बसले. आतून सगळं दिसतं. आजीलाही दिसलं असेल: आजोबांची ताठ मान, ट्रायपॉड, कापडात डोकं खुपसलेला फोटोग्राफर. तिला सगळे दिसले. उकडत होतं, मी हात बाहेर काढला. तेवढ्यात त्याने माझ्या फोनवर फोटो काढला.

परतीच्या वाटेवर ढाब्यावर बेसनाच्या पातोडीची भाजी आणि भाकरी मागवली. चांगली असते म्हणतात. मी ती आईसाठी बांधून घेतली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आईला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं.

ती शेजारणीबरोबर दारातच बसली होती. हात पुढे करून फोन मागितला, उजव्या डोळ्याला लावला. स्क्रीनवर शेवटचा फोटो होता. काळी गाडी, मागची काच, बाहेर एक हात.

“सापडली वं!” आई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “हाच हात. तोंड कुठी आहे? मोठं करून दे.”

गप्प राहता आलं असतं. शेजारीण डोळ्यांनीच सांगत होती, गप्प राहा. पण आजीच्या जागी आधीच एकदा कोरी सीट लावून झाली आहे. तिथे मी बसणार नव्हते.

“आई, ती मी आहे. आजी नाही सापडली.” मग सगळं सांगितलं.

तिने फोन मांडीवर घेतला. तिचा अंगठा लागून फोटो मोठा झाला आणि स्क्रीनभर नुसता गाडीचा दिवा दिसू लागला, वाटोळा, लखलखीत.

“तू काहून मागं बसली वं?” ती म्हणाली. “समोर बसाचं होतं.”

महिना झाला. तिने तो फोटो पुन्हा मागितला नाही. आता मागितला तरी दाखवून उपयोग नाही.