शेवटच्या चेंडूची खूण

बरी सापडलीस या लग्नात, अशी जवळ ये गं, अजून जवळ. फोनवर "काका कसे आहेत?" विचारतेस आणि मी "बरे हायत" म्हणेपर्यंत ठेवूनही देतेस. असं विचारतात होय गं? आता नीट ऐक.

हे थंडीत मोरीत घसरले, खुबा मोडला, खोपोलीला ऑपरेशन झालं, एवढं तुला ठाऊक आहे. हाड जुळलं, पण भीती काही जाईना. चाला, नाहीतर कायमचे खाटेला खिळाल, असं डॉक्टर सांगून दमले. हे उठायचे ते फक्त मोरीपर्यंत, तेही सुनेच्या खांद्यावर भार टाकून. वॉकर कोपऱ्यात उभा. मी त्यावर टॉवेल वाळत घालायची.

मग उन्हाळा सरता सरता सुनेनं टीव्हीवर ती पॅरिसची टेनिसची मोठी स्पर्धा लावली, लाल मातीवरची. बाहेर पांढरंफटक ऊन, हायवेच्या गाड्यांचा आवाज लांबून गुंगीसारखा येतोय, आणि आमच्या खोलीभर लाल उजेड. टप्... टप्... माझा डोळा लागायचा. झोपेत वाटायचं, मागच्या झाडाची जांभळं पडतायत एकेक. जाग यावी तर टीव्हीतले ते दोघं खेळाडू तिथंच, चेंडू इकडून तिकडे, जसे काय जन्मभर खेळतायत. सून म्हणाली, ती माती नाही, विटांचा चुरा असतो. म्हटलं, मग आपल्या भट्टीवरचाच की! तेव्हापासून ते पॅरिस मला आपल्या शेजारच्या कुंभिवली गावाच्या पुढच्या वळणावरच आहे असं वाटायला लागलं.

यांनी एक खेळाडू धरला. वय झालेला, त्याच्याही पायाचं ऑपरेशन झालेलं. एके दिवशी म्हणाले, "हा जिंकला ना, की मी अंगणात चालीन."

"सूनबाई, ऐकलंस ना गं? साक्षीला तू हायस," मी लगेच म्हटलं. आणि दिवा लावताना त्या परक्या माणसासाठी हात जोडायला लागले.

फायनलला तो हरला. समोरच्याचा चेंडू रेघेपाशी पडला. हा बोट वर करून बाहेर, बाहेर म्हणतोय. पंच उंच खुर्चीवरून उतरला, वाकून मातीतली खूण पाहिली आणि म्हणाला, आत. संपलं.

"बाहेर होता," हे म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून, "आता कशाला चालायचं."

मला बाई रडूच आलं.

सकाळी मी उठले, परसातल्या फुटक्या विटा कुटल्या, चुरा चाळला, यांच्या खिडकीपुढं अंगणात पसरला. रांगोळीची रेघ ओढली. पोरांचा क्रिकेटचा चेंडू घेतला आणि आपटला रेघेवर.

"अहो, बघा! कड लागलीय. आत हाय."

"येडी झालीस का? बाहेर हाय."

"तिथं खाटेवरून काय दिसतंय तुमाला?"

"दिसतंय मला."

"तो पंच एवढ्या उंचावरून उतरला. तुमाला खाटेवरून उतरवंना?"

सुनेनं टॉवेल ओढून काढला न् वॉकर पुढं केला. हे तणतणत उठले. ओटी, मग एक पायरी, मग अंगण. खुणेकडे माझं लक्षच नव्हतं. लाल चुऱ्यात त्यांची पावलं उमटत होती, आधी एक, मग दुसरं, आणि मला वाटत होतं की मी दुपारचीच झोपलेय, अजून जागी झाले नाही.

हे वाकले. पुष्कळ वेळ पाहिलं.

"बाहेर हाय. फसवलं त्याला."

"बरं, बाहेर तर बाहेर."

"बरं काय बरं? नीट बघ की!"

आता रोज सकाळी मी चेंडू आपटते, हे उतरून निकाल देतात. दर वेळी बाहेर! काल तर भांडत भांडत फाटकापर्यंत गेले माझ्या मागं. म्हणतात, तुमी घरातली माणसं एका बाजूची, बाहेरचा पंच पायजे. मग ये की गं तू घरी. पाऊस लागला की चुरा वाहून जाईल, त्याच्या आत ये.