हरिबाची हंबर आणि लोकरीचं तूप

हरिबाच्या मोटारीला मेंढराचा वास येतो, हे सोलापुरात सगळ्यांना माहीत होतं. तो वास त्याने स्वतःच्या हाताने चोळून लावलाय, हे फार थोड्यांना.

हरिबा सांगोल्याकडचा धनगर. कळप भावाच्या हवाली करून बाळीवेशीत घोंगड्यांचं दुकान टाकून बसलेला. अंगाने काटक, मिशीने भरघोस, आणि हट्ट असा की एडक्यांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी.

त्याला मोटार हवी होती ती मोठीच, आणि त्याला कारण होतं. पूर्वी त्याची मेंढरं दर साल माढ्याला आबासाहेबांच्या उसाच्या रानात खतासाठी बसायची. एका साली बायकोचा, तानाबाईचा, पाय सुजला, दवाखाना सोलापुरात. आबासाहेब मोटारीने सोलापूरलाच निघाले होते, मागची गादी मोकळी. हरिबाने विचारून बघितलं. आबासाहेब म्हणाले, "नेली असती रे, पण गाडीला वास लागेल. एसटी येईलच की."

एसटी तीन तासांनी आली. मेंढराचं खत चालतं, वास चालत नाही, हे हरिबाला त्या दिवशी समजलं. तो तानाबाईला म्हणाला, "तुला ह्येच्यापरीस मोट्या गाडीतनं माढ्यात न्हेतो, बग."

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल असं भडकलं की बड्या लोकांनी बड्या गाड्या विकायला काढल्या. नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, आणि ऐसपैस विलायती गाडी मात्र कुणी घेता का म्हणून उन्हात उभी. सात रस्त्याजवळ एका दलालाकडे अशा दोन होत्या. एक अमेरिकन, लालभडक, नवरीसारखी नटलेली. दुसरी काळी इंग्रजी बनावटीची हंबर, एका गिरणीच्या मॅनेजरची, रंग विटून वांग्याच्या भरतासारखी झालेली.

हरिबाने मोटार मिस्त्री चनबसप्पाला बरोबर घेतलं होतं, फुकट करमणूक म्हणून मीही गेलो. चनबसप्पा इंजिन ऐकत राहिला. हरिबा धोतर खोचून गाडीखाली उताणा झोपला, आणि एडका घेताना लोकरीत हात घालून बरगड्या चाचपाव्यात तशी त्याने गाडी चाचपली.

"मालक, ही तांबडी कुटं ऱ्हात हुती?"

"मुंबईत. समुद्रासमोर बंगला," दलाल छाती काढून म्हणाला.

"म्हंजी खारं वारं खाल्लेलं जनावर." हरिबाने दाराखालच्या पत्र्यावर टिचकी मारली. एके जागी टण्ण वाजलं, वीतभर पुढे भद्द. "हितं पत्राच न्हाय, लांबीचा लगदा भरलाया. वरनं लोकर झकास, आत खरूज."

हंबर पंधरा वर्षं सोलापुरातच वाळत पडलेली. तिला कुठंही टिचकी मारा, टण्ण.

"हीच घिऊ."

"पाहुणे, तिचा रंग गेलाय," दलाल कळवळला.

"माजा बी गेलाय. पर हाडं शाबूत हायती."

गाडी घरी आली आणि खरा तमाशा सुरू झाला. पावसाचं पाणी खालून पत्रा खातं, तेव्हा पोटाला डांबर फास, असं चनबसप्पाने सांगितलं. हरिबा आत गेला आणि लोकर कातरायची आज्याची कातर घेऊन आला. "हिला जल्मात तेल दावलं न्हाय. गंज हाय का सांग." नव्हता. "मेंढीच्या अंगचं तूप लागलंया हिला."

मग अंगणात पातेल्यात कच्ची लोकर उकळू लागली. वर तरंगणारी पिवळट साय काढून हरिबा ती गाडीच्या पोटाला, दारांच्या पोकळीत, चाकांवरच्या कमानींत चोळू लागला. आठवड्यात दरवळ विजापूर वेशीपर्यंत पोचला. कुत्री गाडीमागून चालू लागली. चनबसप्पा म्हणाला, "हॉर्न काढून टाक की रे हरिबा. लोक आधीच बाजूला होतात."

तानाबाईलाही लाज वाटायला लागली. "अवो, आशा गाडीतनं माढ्याला गेलो तर त्येंचंच खरं हुईल की."

"थांब. पावसाळा तर जाऊ दे."

दोन पावसाळे गेले. पत्रा टण्णच. पुढच्या वैशाखात आबासाहेब स्वतः दुकानात येऊन उभे. ती तांबडी गाडी त्यांनीच घेतली होती, आणि श्रावणात तिचा तळ मागच्या गादीसकट रस्त्यावर उतरला होता, गादीवर आबासाहेब. आता मुलीचं लग्न आलेलं, आणि नवरदेवाच्या मिरवणुकीला शोभेल अशी गाडी जवळपास ही एकच.

"गाडी घेऊन ये, हरिबा. फक्त सोड्याच्या गरम पाण्याने खालून धुऊन काढ. जावई बसायचाय."

हरिबाने तानाबाईकडे बघितलं. धुतली तर दोन वर्षं मुरलेलं तूप जाणार, आणि पुढच्या पावसात पत्राही. न धुतली तर माढ्याला जायचं राहणार. ती घोंगड्याची घडी घालत होती. घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली.

"धुनार न्हाय," ती म्हणाली. "आशीच यील. जावई पुडं बसंल, मी मागं."

"अगं, पाहुणेमंडळी काय म्हणतील?" आबासाहेब म्हणाले.

"म्हनू द्या. न्हायतर एसटी हायच की."

लग्नाच्या दिवशी हंबर माढ्यात शिरली. पुढे नवरदेव, अत्तराचा फाया नाकाशी धरून. मागच्या गादीवर एकटी तानाबाई, काच खाली केलेली. वाटेत भेटलेली दहाबारा मेंढरं पाहुणीला पोचवायला निघाल्यासारखी मागून येत होती. एसटी स्टँडपाशी तिने हरिबाच्या खांद्याला हात लावला. गाडी थांबली. मिरवणूक थांबली. बँडवाल्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी नवं गाणं धरलं.

आबासाहेब घाम पुसत खिडकीशी आले. "काय झालं? पेट्रोल संपलं का?"

"न्हाय की," तानाबाई म्हणाली. "मागं हितं तीन तास बसले हुते. आज जरा गादीवर बसून बगते, कसं वाटतंय."

बँडची तीन गाणी होईपर्यंत हंबर हलली नाही.