भाकरीवरची तणं

नव्वदच्या सुमारास मी धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि आपल्याला सगळं येतं, अशी माझी पक्की समजूत होती. प्रबंधाचा विषय होता पिंपळनेरकडच्या भुईमुगाच्या शेतांतली तणं. सुताराकडून मीटरभर लांबी-रुंदीची लाकडी चौकट करून घेतली होती. ती शेतात टाकायची आणि आतली तणं जातवार मोजायची. निंदणाऱ्या बाया तिला माझी खाट म्हणत.

अशा चाळीस चौकटी मोजून मी बावीस जातींची यादी केली आणि वर ऐटीत लिहिलं, 'संपूर्ण यादी'. घरच्यांनी शिकायला तेवढंच वर्ष दिलेलं. सरांची सही झाली की सुटले!

सरांनी यादी खालीवर पाहिली. "एकेकच रोप सापडलेल्या जाती किती?"

"आठ. चुकून उगवल्या असतील, सर."

"आणि दोन-दोन रोपांच्या?"

"चार."

सरांनी कुठल्याशा परदेशी लेखाची झेरॉक्स काढली. आठाचा वर्ग चौसष्ट, त्याला चाराच्या दुपटीनं भागलं. "म्हणजे निदान आठ जाती तुम्हाला दिसल्याच नाहीत. एकट्यादुकट्या रोपांची गर्दी असली, की न दिसलेल्याही बऱ्याच असतात. सही नाही. शोधा."

न पाहिलेलं मोजायचं! सरांचं डोकं फिरलंय, असं बसभर पुटपुटत मी पिंपळनेर गाठलं. दुपारी आम्ही सगळ्या बांधावर जेवायला बसलो. निंदणाऱ्यांतल्या थोरल्या अक्का रोज माझ्या भाकरीवर हिरवी भाजी वाढत आणि मी बोटं चाटत खात असे. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "अक्का, ही भाजी कुठली?"

"आठलीच शे, माय. तू येवाना पहिलेच आम्ही खुडी लेतस."

"इथली म्हणजे कुठली?"

"तुनी खाट जठे पडस, तठलीच!"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. मी बाईसाहेब बसनं येऊन दहाला चौकट टाकणार. तोवर खाण्याजोगं तण त्यांच्या ओटीत गेलेलं. त्यातून निसटलेलं एखादं रोप मला सापडे, आणि त्याला मी 'चुकून उगवलं' म्हणे.

पुढचा आठवडाभर उजाडताच त्यांच्यामागे फिरले. पाच नव्या जाती मिळाल्या. सरांनी 'संपूर्ण' हा शब्द स्वतःच्या हातानं खोडला आणि खाली सही केली.

नातवंडं विचारतात, "उरलेल्या तीन?"

बहुतेक तांदुळज्याबरोबर शिजल्या. चव छान होती.