मेडनहेडच्या घरातला शनिवारचा वास

इथले भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि निम्म्या वेळा हसते, हे आधीच सांगून टाकते. उलट्या पायांची बाई, आपोआप वाजणारी दारं... मला कधी पटलं नाही, अजूनही पटत नाही. माझ्या गोष्टीत घाबरण्यासारखं काही नाहीच. दमून जाण्यासारखं मात्र भरपूर आहे.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही इंग्लंडात मेडनहेडला राहत होतो. विटांचं सेमी-डिटॅच्ड जोडघर, पुढे दोन गुलाब, मागे सफरचंदाचं एक आळशी झाड. ह्यांना साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली म्हणून घर विकायला काढलं. एस्टेट एजंट बाई गोड हसून म्हणाल्या, "लोक बघायला येतील त्या आठवड्यात स्वयंपाक जरा... यू नो... आणि कॉफी उकळत ठेवा, छान वाटतं." राग आला, पण घर विकायचं होतं. आठवडाभर सँडविच खाल्ली, कॉफी उकळली. केरन आणि नील नावाच्या तरुण जोडप्याने घर घेतलं. जाताना नीलने विचारलं होतं, "घरात काही प्रॉब्लेम?" हे म्हणाले, "नन ॲट ऑल."

आम्ही साउथहॅम्प्टनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्थिरावतोय तोवर त्यांच्या सॉलिसिटरचं पत्र आलं. घराला करीचा उग्र वास आहे. कार्पेट बदललं, भिंती खरवडून रंगवल्या, तरी जात नाही. तुम्ही तो कॉफीखाली लपवलात आणि धडधडीत खोटं बोललात. नुकसानभरपाई द्या.

मग पत्रावर पत्रं, फोनवर फोन... डोक्याला नुसता ताप. पण खरा त्रास तो नव्हता. आमचे हे, ज्यांना फोडणी तडतडली की स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय राहवत नसे, ते एके दिवशी म्हणाले, "इथे फोडणी नको. हे घर तर भाड्याचं आहे." त्यानंतर आमच्याकडे उकडलेल्या भाज्या आणि टोस्ट. ते कोट गाडीच्या डिकीत ठेवायला लागले. कामावर निघताना, मी बघत नाही असं वाटलं की बाही नाकाशी न्यायचे. असा माणूस रोज समोर बघणं फार वाईट असतं हो. कोर्टात हरलो असतो तरी चाललं असतं, पण ह्यांना स्वतःचीच शिसारी येत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

आमची सॉलिसिटर म्हणाली, एकदा स्वतः जाऊन बघा. "माझंच घर हुंगायला मी जाणार नाही," हे म्हणाले. मग मीच गेले. शनिवार होता, कारण आठवडाभर केरन आणि नील कामावर असायचे. फाटकात शेजारच्या मिसेस हॉजेस भेटल्या. म्हातारी त्या रस्त्यावर लग्न होऊन आलेली, माझ्यावर जीव होता तिचा. काय चाललंय ते ऐकून ती सरळ माझ्यामागोमाग आत आली.

आत नव्या रंगाचा वास होता, बाकी काही नाही. मला हायसं वाटलं. केरन एकटीच घरी होती, ती ओशाळली. बिचारीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "थांबा," ती म्हणाली, "शनिवारी जेवणाच्या सुमारास हमखास सुरू होतो. आणि किचनमध्ये नाही, इथे."

तिने डायनिंग रूमचा खिडकीजवळचा कोपरा दाखवला. आम्ही तिघी तिथे वाट बघत उभ्या राहिलो, आणि तो खरंच आला! गरम, ताजा, आत्ताच कुणी पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखा. गॅस बंद होता. खिडक्या बंद होत्या.

मी वाकून आणखी एकदा हुंगलं. आणि मग लक्षात आलं... हा आपला वासच नाही! मोहरी नाही, हिंग नाही, कढीपत्ता नाही. डब्यातली पिवळी करी पावडर, शिजलेलं सफरचंद आणि बेदाणे. माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये 'करी' म्हणून जे वाढायचे, ते. मराठी बाई मेली तरी हे शिजवायची नाही.

"केरन," मी म्हटलं, "हे आमच्या घरात कधी झालं नाही."

"नाहीच झालं," मागून मिसेस हॉजेस म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. "धिस इज डॉरिस्'स करी, डिअर."

डॉरिस म्हणजे आमच्या आधीची मालकीण. ती वारल्यावर तिच्या भाच्याकडून आम्ही घर घेतलं होतं, तिला कधी पाहिलं नव्हतं. मिसेस हॉजेस सांगत होत्या, तिचा नवरा लष्करात, तरुणपणी देवळालीला होता. तो गेल्यावरही ती दर शनिवारी त्याच्या आवडीची करी करायची आणि त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर दोन ताटं मांडायची.

केरनने मला हळूच विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं इथे होतात... तुम्हाला कधीच नाही आला?"

कधीच नाही. शनिवारी आमच्याकडे हमखास आमटी असायची, लसणाच्या फोडणीची. तिच्यापुढे डॉरिसचं काही चाललं नसेल, असं मी गमतीने म्हणते खरी. पण ते काही उत्तर नव्हे. पत्रं मात्र थांबली. पुढे केरनने एकदा फोनवर सांगितलं, वास येतो अजून, आता सवय झाली. तो का येतो, कुठून येतो, भिंती खरवडूनही कसा उरला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते चिडले. "भुताखेतांच्या गोष्टी मला नको सांगूस."

"बरं, नाही सांगत."

 मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण... आपला नव्हता ना? नक्की?"

"नक्की. अहो, त्यात बेदाणे होते!"

ते हसायला लागले. कित्येक महिन्यांनी. हसता हसता डोळे भरून आले तेव्हा तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले.

"आमटी टाक," म्हणाले, "लसूण जरा जास्तच घाल."